कव्वाली कोणत्या पानावर छापली होती?

जुनी मासिके आता फोनवर वाचता येतात. बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’चे कितीतरी अंक, ऑल इंडिया रेडिओच्या ‘द इंडियन लिसनर’चे अंक, रेकॉर्ड-संग्राहकांच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’चे अंक स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहेत. ‘रेख्ता’ने उर्दू मासिकांचा मोठा साठा खुला केला आहे. पूर्वी यासाठी कर्जतहून लोकल पकडून मुंबईच्या ग्रंथालयांत खेटे घालावे लागत, तिथेही अंक मिळेल याची खात्री नसे. आज खोपोलीतला कॉलेजचा मुलगा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या १९४५ सालचे चित्रपट-परीक्षण वाचू शकतो. ही सोय मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे.

पण या सोयीबरोबर एक सवयही लागते आहे. जे संग्रहात सापडले ते घडले, आणि जे सापडले नाही ते घडलेच नाही, असे आपण नकळत मानू लागलो आहोत. ‘मराठी संगीतात मुसलमानांचे योगदान काय?’ असा प्रश्न कोणी विचारला की आपली तरुण मुले सर्च करतात. दोन-चार उस्तादांची नावे येतात, एखाद्या शाहिराचे येते, आणि यादी तिथेच संपते. विचारणाऱ्याला उत्तर मिळाल्यासारखे वाटते, आणि उत्तर देणाराही खाली मान घालतो. मला वाद घालायचा आहे तो या सर्चवरच्या विश्वासाशी. संगीत-पत्रकारितेचे जुने अंक जरूर वाचावेत, पण ते कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि काय मोजायचे हे कोणी ठरवले, हे विचारल्याशिवाय वाचू नयेत.

मोजणारे कोण होते?

लोकप्रिय संगीताचा इतिहास म्हटला की आपण याद्यांवर विसंबतो. योगायोग असा की लंडनमध्ये आणि आपल्याकडे ही यादी करण्याची पद्धत एकाच हिवाळ्यात सुरू झाली. १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ब्रिटनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने खपणाऱ्या रेकॉर्डची पहिली क्रमवारी छापली. ती तयार करायला कचेरीतून काही रेकॉर्ड दुकानांना फोन केले गेले होते. त्यानंतर काही आठवड्यांनी, डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात क्रमवारी नव्हती. पुढे रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची पत्रे धरून ‘पायदान’ ठरू लागली. बुधवारी रात्री आठला देशातले रस्ते ओस पडत असे म्हणतात, आणि त्यात फार अतिशयोक्ती नसावी.

या दोन्ही याद्या आज इतिहासाचे पुरावे म्हणून वापरल्या जातात. ‘१९५५ मध्ये लोक काय ऐकत होते?’ याचे उत्तर गीतमालेच्या यादीत शोधले जाते. पण गीतमाला मोजत होती फक्त चित्रपटगीते. ज्याची रेकॉर्ड निघाली नाही, जे दुकानात विकले गेले नाही, ज्याच्या श्रोत्याला पोस्टकार्ड लिहिता येत नव्हते, ते गाणे त्या यादीत येणे शक्यच नव्हते. लावणी नाही, शाहिरी नाही, भीमगीत नाही, गैरफिल्मी कव्वाली नाही. म्हणजे ही यादी खोटी आहे असे नाही. ती एका विशिष्ट खिडकीतून पाहिलेली गर्दी आहे. आपण मात्र खिडकीलाच गाव समजतो.

आता कर्जत-खालापूरचा विचार करा. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली तेव्हापासून हा पट्टा मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध आहे. १९१५ मध्ये खोपोलीत टाटांचे वीजघर उभे राहिले, पुढे कारखाने आले, त्यांच्यामागे ठिकठिकाणचे कामगार आले. नेरळ, दामत, कर्जत, खालापूर, खोपोली इथल्या आपल्या घरांतून किती पिढ्या रोज मुंबईला नोकरीला जात आल्या आहेत. इथे गाणे कमी होते का? लोकलच्या डब्यात भजनी मंडळाचे टाळ होते. आंबेडकर जयंतीला कव्वालीचे सामने होत. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर शहीद झाले, त्यांचे पोवाडे होते. ठाकर आणि कातकरी वाड्यांवर ढोल-नाच होता. आपल्या लग्नघरांत हळदीच्या रात्री बायकांची गाणी होती. उरुसाला रात्रभर चालणारी जवाबी कव्वाली होती. यातले कुठल्या संगीत-मासिकात आले? मुंबईचा वार्ताहर कर्जतला गाडी बदलायला उतरत असेल, फार तर वडा खायला. गाणे ऐकायला तो उतरला नाही.

रेडिओचा दरवाजा

‘द इंडियन लिसनर’ हे वाचायला फार रंजक नियतकालिक आहे. मुंबई केंद्रावर सकाळी कोण गायले, रात्री कोण, कोणता राग, किती मिनिटे, सगळे तक्त्यात दिलेले असते. तीसच्या आणि चाळीसच्या दशकातली ही पाने चाळली की एक जग समोर उभे राहते. नावापुढे ‘खाँ’ असलेले गायक, नावापुढे ‘बाई’ किंवा ‘जान’ असलेल्या गायिका, सारंगीये, तबलजी. भारतातल्या रेकॉर्डिंगच्या अगदी सुरुवातीला, १९०२ मध्ये, गौहरजानचा आवाज रेकॉर्ड झाला, आणि रेडिओच्या पहिल्या काळात तिच्या बहिणी-भाच्यांसारख्या असंख्य गायिका त्या तक्त्यात दिसतात.

मग तक्ते बदलत जातात. १ मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली. हे वाद्य परदेशी आहे, त्यावर मींड निघत नाही, श्रुती नीट लागत नाहीत, ही कारणे दिली गेली. शास्त्रीय गायकाची त्यामुळे थोडी अडचण झाली असेल, त्याने सारंगी घेतली. पण कव्वालाची बैठक पेटीशिवाय बसतच नाही. ज्या वाद्यावर एक अख्खा गायनप्रकार उभा आहे, ते वाद्य सरकारी माध्यमाने सुमारे तीन दशके दाराबाहेर ठेवले. स्वातंत्र्याच्या आसपास ज्यांचे खासगी आयुष्य ‘बदनाम’ आहे अशा गायिकांनाही दार बंद झाले. तक्त्यांतून ‘बाई’ आणि ‘जान’ ही नावे विरळ होत जातात. त्यांनी गाणे सोडले असे तेवढ्यावरून म्हणता येत नाही. तिथे फक्त छपाई थांबलेली दिसते.

१९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. दहा वर्षे ते त्या खुर्चीवर होते. मराठी माणूस, संगीताची खरी तळमळ असलेला. शास्त्रीय संगीत घराघरात पोहोचावे म्हणून त्यांनी जे केले त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण चित्रपटगीत त्यांना सवंग वाटे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, श्रोते सिलोनकडे वळले, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उत्तर हिंदुस्थानी संगीताची घसरण झाली ती मुस्लिम राजवटींमुळे आणि विद्या दडवून ठेवणाऱ्या मुस्लिम उस्तादांमुळे, अशी त्यांची मांडणी होती. ती त्यांनी लपवून ठेवली नाही, लिहून ठेवली.

रेडिओचे जुने अंक वाचताना हे माहीत असले पाहिजे. नाहीतर तक्त्यात नाव नसणे म्हणजे गुण नसणे, असा अर्थ निघेल.

चित्र एकरंगी नव्हते, हेही त्याच श्वासात सांगायला हवे. प्रा. बा. र. देवधर यांनी ‘संगीत कला विहार’ या मासिकात गायकांवर जे लेख लिहिले, ते आजही वाचावेत असे आहेत. अब्दुल करीमखाँ, अल्लादियाखाँ, सिंदेखाँ, बडे गुलाम अलीखाँ यांच्याविषयी एका मराठी ब्राह्मण संगीतज्ञाने किती आत्मीयतेने लिहिले आहे! उस्तादांच्या लहरी, गरिबी, खाणेपिणे, शिष्यांवरची माया, सगळे त्यात येते. गोविंदराव टेंब्यांनी अल्लादियाखाँचे चरित्र मराठीत लिहिले. अब्दुल करीमखाँ मिरजेचे झाले, त्यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, मराठी नाट्यपदे रेकॉर्डवर गायली, आणि त्यांची मुले हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने या नावांनी महाराष्ट्राची लाडकी झाली. म्हणजे मराठी संगीत-पत्रकारितेने मुसलमान गायकाला जागा दिली नाही, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. जागा दिली, पण ती उस्तादाला. बैठकीतल्या गवयाला. उरुसाच्या मांडवातल्या कव्वालाला नाही.

जाहिरातीच्या पानावर

मग कव्वाल सापडतो कुठे? माझा अनुभव असा की त्याला संगीताच्या पानावर शोधू नये. जाहिरातीच्या पानावर शोधावे.

‘फिल्मइंडिया’ आज वाचला जातो तो बाबूराव पटेलांच्या तिखट लेखणीसाठी. तेच बाबूराव पुढे मुसलमानांविषयी किती कडवट लिहू लागले आणि १९६७ मध्ये जनसंघाच्या तिकिटावर लोकसभेत कसे गेले, हे माहीत असलेल्या वाचकाला ते अंक वाचताना जपून पावले टाकावी लागतात. पण त्याच अंकांतली जाहिरातींची पाने वेगळे काही सांगतात. संपादकाचे मत काहीही असो, निर्माता पैसे मोजून जाहिरात देतो तेव्हा लोक कशासाठी तिकीट काढतील हे त्याला पक्के ठाऊक असते. १९४५ च्या ‘झीनत’ मध्ये नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांनी स्त्रियांची कव्वाली गायली आणि ती देशभर गाजली. पुढे कव्वाली ही चित्रपट चालवणारी गोष्ट ठरली. १९५८ च्या ‘अल हिलाल’ची आज कोणाला कथा आठवते? आठवते ती बुलो सी. रानींच्या संगीतातली, इस्माईल आझाद यांनी गायलेली कव्वाली. १९६० च्या ‘बरसात की रात’मध्ये तर कथानकच कव्वालीच्या मुकाबल्यावर फिरते.

चित्रपट समीक्षक या कव्वालीला ‘मसाला’ म्हणत. पण हा मसाला आला कुठून? तो उरुसांतून, मोहल्ल्यांतून, मुंबईच्या मैदानांवर तिकीट लावून होणाऱ्या मुकाबल्यांतून आला. यूसुफ आझाद आणि रशीदा खातून यांचा सामना, शकीला बानो भोपालींची अदा, जानी बाबू, शंकर-शंभू हे हिंदू कव्वाल बंधू, अझीझ नाझाँ. ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे त्यांच्या तोंडी ही नावे आपोआप येतात. संगीत-समीक्षेच्या मराठी पुस्तकांत मात्र ती शोधावी लागतात.

हेच शाहिरांच्या बाबतीत. अमर शेख, म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आपल्या आवाजाने पेटवल्या, १९६९ मध्ये अपघातात गेले. लाखांच्या सभेला मायक्रोफोनशिवाय पुरेल असा आवाज. ते महाराष्ट्राचे लोकप्रिय गायक नव्हते तर काय होते? तरीही त्यांना शोधायचे तर संगीताचे पान उघडून भागत नाही, राजकारणाचे पान उघडावे लागते. तिथे बातमी सभेची असते, आवाज तिच्यात एका ओळीत आलेला असतो.

एक आवाज, दोन याद्या

या सगळ्याचा अर्थ स्पष्ट करणारे एकच उदाहरण द्यायचे तर मी प्रल्हाद शिंदे यांचे देईन.

आषाढी आली की आणि गणपती बसले की कर्जतपासून चौकपर्यंत एकही मांडव असा नसतो जिथे प्रल्हाद शिंदे वाजत नाहीत. विठ्ठलाची गाणी म्हणजे प्रल्हाद शिंदे, हे समीकरण मराठी माणसाच्या डोक्यात इतके पक्के आहे की त्याला दुसरे काही सांगितलेले पटत नाही. तेच प्रल्हाद शिंदे १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतांतून ऐकू येतात. आणि तेच प्रल्हाद शिंदे सुरुवातीच्या दिवसांत इस्माईल आझाद यांच्या कव्वाल पार्टीत कोरसमध्ये गात होते. ती टिपेची तान, शब्द फेकण्याची ती पद्धत, टाळीवर येऊन थांबण्याची ती लकब नीट ऐका. कव्वालीची तालीम तिच्यात ऐकू येते.

विठ्ठलभक्तीचा महाराष्ट्रातला सर्वांत ओळखीचा आवाज कव्वालीच्या बैठकीत घडला, ही गोष्ट किती मराठी वाचकांना माहीत आहे? माहीत नाही, कारण भक्तिगीतांच्या लेखात कव्वाली येत नाही, कव्वालीच्या लेखात भक्तिगीत येत नाही आणि दलित शाहिरीच्या लेखात दोन्ही तळटीपेत जातात. आवाज एकच असला तरी याद्या वेगळ्या आहेत.

आंबेडकरी गायकांनी कव्वाली नुसती उसनी घेतली नाही, ती मराठी केली. विठ्ठल उमपांसारख्यांनी तिला मराठी शब्द, मराठी विनोद आणि मराठी सवाल-जवाब दिला. बाबासाहेबांच्या विचारावर रात्रभर दोन पार्ट्या भांडायच्या, पेटी, ढोलक आणि बेंजोच्या साथीने. समोर बसलेल्या श्रोत्यांत बौद्ध असत, मुसलमान असत, कोळी-आगरी असत. कव्वाली मराठी नाही असे म्हणणाऱ्याने आधी हे सामने इतिहासातून पुसून दाखवावेत.

चार दारे बंद

मग हा इतिहास का लिहिला गेला नाही? केवळ दुसऱ्यांनी डावलले असे म्हणणे सोपे आहे, आणि अपुरे आहे. माझ्या मते चार दारे एकाच वेळी बंद होती.

मराठी संगीत-समीक्षेला कव्वाली उर्दूची वाटली, म्हणून तिने ती बाजूला ठेवली. उर्दूच्या अदबी वर्तुळाला मैदानी कव्वाली सवंग वाटली. मुशायऱ्याची बातमी यायची, कव्वालीच्या मुकाबल्याची येई ती पोस्टरवर. शास्त्रीय संगीताच्या जाणकारांना ती हलकी वाटली. आणि आपल्या घरातल्या दीनदार मंडळींना ती गुनाह वाटली, म्हणून ती ऐकली तरी जपली नाही. कॅसेट होत्या, पण त्या कपाटाच्या वरच्या फळीवर गेल्या. तिथे त्यांना बुरशी लागली.

त्यात भर पडली तंत्राची. आज स्कॅन केलेल्या अंकात शब्द शोधता येतो तो मुख्यतः इंग्रजी छपाईत. देवनागरी जुन्या खिळ्यांची असेल तर यंत्र अडखळते. ‘शमा’सारखी उर्दू मासिके कातिबाने हाताने लिहिलेल्या नस्तालीकमध्ये छापली जात, तिथे तर यंत्र जवळजवळ आंधळे होते. परिणाम असा की सर्च केल्यावर जे पटकन सापडते ते इंग्रजी पत्रकाराने पाहिलेले जग असते. ज्यांच्या हातात इंग्रजी लेखणी नव्हती ते तेव्हाही मागे राहिले आणि आताही मागेच राहतात.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्यातलाच. ‘संगीत जायज आहे की नाही यावर मतभेद असताना त्याचा इतिहास जपण्याची गरज काय?’ आक्षेप घेणाऱ्याच्या श्रद्धेचा मी आदर करतो. पण समाविषयीचा वाद आज निघालेला नाही. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये त्यावर स्वतंत्र चर्चा केली. हजरत निजामुद्दीन औलियांना समा ऐकतात म्हणून गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उत्तर द्यावे लागले. हा वाद आपल्याला आज माहीत आहे, कारण कोणीतरी तो लिहून ठेवला. इतिहास लिहिणे म्हणजे फतवा देणे नव्हे. ज्याला ऐकायचे नाही त्याने ऐकू नये. पण आपले आजोबा उरुसाच्या रात्री मांडवात बसून ऐकत होते, शेजारी कोण बसले होते, कोणी नजराणा दिला, हे घडले. घडलेले नाकारणे ही दीनदारी नाही.

दुसरा आक्षेप बाहेरचा. ‘जुन्या गाण्यांत काय ठेवले आहे? रोजगार, शिक्षण, सुरक्षितता यांवर लिहा.’ त्यांवर लिहिलेच पाहिजे. पण ज्या समाजाला उठता-बसता ‘तुम्ही इथले कधीपासून?’ असे विचारले जाते, त्याच्यासाठी गाण्याचा पुरावा ही चैनीची गोष्ट नाही. आपल्याच डोंगररांगेत, इथून दिसणाऱ्या हाजीमलंगचे पाहा. तिथे केतकर या ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट आहे. गेली चार दशके तिथला वाद बातम्यांत आहे. त्या बातम्यांत आंदोलने आहेत, बंदोबस्त आहे, पुढाऱ्यांची भाषणे आहेत. डोंगर चढून येणारा सर्व जातिधर्मांचा माणूस आणि तिथे गायले जाणारे गाणे मात्र बातमीच्या कडेला उभे असते. भांडण बातमी होते, गाणे बातमी होत नाही. पन्नास वर्षांनी कोणी हे अंक वाचेल तेव्हा त्याला वाटेल, या लोकांनी फक्त भांडण केले.

आता काय करायचे?

संस्था येईल, अनुदान मिळेल, मग काम सुरू करू, असे म्हणत बसण्यात अर्थ नाही. हिंदी चित्रपटगीतांचा सर्वांत विश्वासार्ह कोश कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी नोकरी सांभाळून, वाचकांच्या पत्रांच्या बळावर तयार केला. मुंबईत १९९० मध्ये काही हौशी संग्राहकांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स काढली, सुरेश चांदवणकरांनी वर्षानुवर्षे तिचे नियतकालिक चालवले, आणि आज जगभरचे अभ्यासक तेच वाचतात. दोन्ही कामे चिकाटीची आहेत. श्रीमंतीची नाहीत.

कर्जत-खालापूरपुरते बोलायचे तर कामाची यादी लहान आहे. उरूस कमिट्यांच्या जमाखर्चाच्या वह्या शोधा. कव्वाल पार्टीला किती बिदागी दिली, मांडवाचे किती, बत्तीचे किती, वर्गणी कोणाकोणाची, हे त्यांत असते, आणि वर्गणीच्या यादीत सगळ्या जातींची नावे असतात. कोणत्याही संगीत-समीक्षेपेक्षा ते पान मोलाचे आहे. हँडबिले, निमंत्रणपत्रिका, कॅसेटची कव्हरे यांचे फोटो काढा. मागे तारीख, गाव आणि कोणाकडे मिळाले ते लिहा. म्हाताऱ्या बायकांना हळदीची गाणी विचारा, त्यांची परवानगी घेऊन ती रेकॉर्ड करा, आणि गाणारीचे नाव लिहायला विसरू नका. आजवर गाणे जपणाऱ्यांनीही नेमके तेच नाव गाळले आहे.

जुने अंक शोधतानाही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १९८१ पूर्वी ‘रायगड’ जिल्हा शोधून काही मिळणार नाही, अंतुले साहेबांनी नाव बदलेपर्यंत तो ‘कुलाबा’ होता. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये कर्जत ठाणे जिल्ह्यात आहे. जुन्या इंग्रजी कागदांत नेरळचे ‘नारेल’ आणि खोपोलीचे ‘कॅम्पुली’ झालेले असते. आणि नुसते ‘कर्जत’ शोधले तर निम्मी पाने नगर जिल्ह्यातल्या कर्जतची निघतात. अलिबागचा ‘कृषीवल’ १९३७ पासून निघतो आहे. त्यातल्या जत्रा-उरुसांच्या बारीक बातम्या कोणीतरी बसून पाहायला हव्यात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मुंबईतली अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी आपल्यापासून एका लोकलच्या अंतरावर आहेत.

हे काम मराठीत झाले पाहिजे, यावर माझा भर आहे. उर्दूत लिहिले तर आपल्यातलेच निम्मे वाचणार नाहीत. इंग्रजीत लिहिले तर विद्यापीठात जाईल. शेजाऱ्याने वाचायला हवे असेल तर ते मराठीतच लिहावे लागेल, कारण त्या रात्री तो शेजारीही मांडवात होता.

वेळ कमी आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम योग्यच आहे, पण त्याने रात्रभराची कव्वाली संपवली हेही खरे. ज्यांनी ती ऐकली ते आता सत्तरीत आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. गेलेल्या माणसांचे दुःख कशातच मोजता येणार नाही. पण त्या ठाकर वाडीबरोबर तिथल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यातली गाणीही गेली. त्यांचा कोणता अंक निघाला होता, कोणत्या यादीत ती होती? आपली गाणी अशा एका रात्रीत जाणार नाहीत. ती एकेका जनाज्याबरोबर जात आहेत.